‘इतक्या उशिरा का आलात?’ : विषमता, पिढ्यांचे घाव आणि रुग्णाचं आरोग्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उशिरा आला. औषधं वेळेवर घेत नाही. सांगितलेलं ऐकत नाही. हे तीन शेरे जगातल्या कुठल्याही दवाखान्याच्या केसपेपरवर सापडतात. मीही ते पुष्कळदा लिहिले आहेत. ते खोटे नसतात, पण अपुरे असतात. रुग्ण उशिरा आला हे खरं असतं. तो कशामुळे उशिरा आला हे त्या ओळीत कुठेच येत नाही. खालचे प्रश्न विद्यार्थी, परिचारिका, रुग्ण आणि नातेवाईक यांच्याशी बोलताना पुन्हा पुन्हा पुढे येतात. उत्तरांत जिथे बोलण्यासारखं जास्त आहे तिथे मी रेंगाळणार आहे.

गरिबाला आजार जास्त, हे सगळ्यांनाच माहीत आहे. यात वेगळं काय?

उपासमार, कोंदट घर, दूषित पाणी, जीव धोक्यात घालणारं काम यांनी माणूस आजारी पडतो हे सांगायला संशोधन लागत नाही. पण लंडनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या, ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीने त्यापलीकडची गोष्ट दाखवली. त्यात सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकर होते. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा उपलब्ध, उपाशी कुणीच नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. मधल्या श्रेणीतले लोक बरोबर मधे होते. म्हणजे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर फरक होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केला तरी तो पुरता मिटला नाही.

मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुष नोकरांची दुसरी पाहणी सुरू केली. तिच्यात कामावरच्या ताब्याचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. कामाचा बोजा आहे, पण ते कसं आणि केव्हा करायचं हे ठरवायची मुभा नाही, अशा माणसांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. म्हणून विषमता हा फक्त तळातल्या माणसांचा प्रश्न आहे असं समजणं चूक ठरतं. ती सगळी उतरंडच आजारी पाडते. खालच्याला सर्वांत जास्त.

विषमता ही समाजातली गोष्ट. ती रक्तदाबात कशी उतरते?

धोका जाणवला की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. नाडी वेगाने चालते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. पिसाळलेला कुत्रा मागे लागला तर याच्याच जोरावर माणूस जीव वाचवतो. संकट टळलं की सगळं पुन्हा खाली यावं, अशी ती रचना आहे.

पण घर कधी रिकामं करायला लावतील, उद्या काम मिळेल का, रस्त्यात कुणी हटकलं तर काय होईल, समोरचा आपल्याला माणसात धरेल का, असा घोर रोजचाच असेल तर शरीर खाली येतच नाही. वर्षानुवर्षं चढलेलं राहतं. रक्तवाहिन्या कडक होतात, पोटावर चरबी साठते, झोप मोडते, रोगप्रतिकारशक्तीचा तोल जातो. ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये या साचलेल्या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ हे नाव दिलं. त्याच्या जवळपासच, १९९२ मध्ये, अमेरिकेत अर्लीन जेरोनिमस यांनी ‘वेदरिंग’ची कल्पना मांडली होती: ऊनपावसात उघड्यावर पडलेलं लाकूड जसं वेळेआधी जुनं होतं, तशी भेदभाव सोसणारी शरीरं वयाआधी म्हातारी होतात. त्यांना एक उलटी गोष्ट आढळली होती. गोऱ्या स्त्रियांत विशीतल्या आयांची बाळं किशोरवयीन आयांच्या बाळांपेक्षा जास्त जगत होती. कृष्णवर्णीय स्त्रियांत मात्र विशीतल्या आयांची बाळंच जास्त दगावत होती. आईच्या आयुष्याची जी वर्षं वाढली होती ती तिच्या शरीराला महाग पडली होती.

२०२१ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता २६.६. शिक्षणाने हे अंतर भरून निघतं असंही नाही. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्यूचा दर शालान्त शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचं तिथल्याच सरकारी आकडेवारीत दिसलं आहे. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो पुन्हा तपासून पाहिला होता.

‘ऐतिहासिक आघात’ म्हणजे नेमकं काय? वाईट आठवणी तर प्रत्येक घरात असतात.

असतात. पण सगळ्या वाईट आठवणींना हे नाव लावू नये. एका समूहावर, तो समूह आहे म्हणूनच, माणसांनी जाणूनबुजून केलेला आघात, ज्याचा शोकही मोकळेपणाने करू दिला गेला नाही आणि ज्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांच्या जगण्यात अजून दिसतात, तो ऐतिहासिक आघात. ही संकल्पना १९८० च्या दशकापासून मांडली ती मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी. त्या स्वतः लाकोटा या अमेरिकी आदिवासी समाजातल्या. १८९० मध्ये वुंडेड नी इथे शेकडो लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांना सैन्याने मारलं. त्यानंतरही मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत घालणं, भाषा आणि विधी बंद पाडणं चालूच राहिलं. दारू, नैराश्य, आत्महत्या या गोष्टींकडे ‘या लोकांचा दोष’ म्हणून पाहण्याऐवजी त्यामागचं अडलेलं दुःख पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॅनडात अशा निवासी शाळांत दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलं घातली गेली, आणि शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. म्हणजे तिथे शिकलेली माणसं आज तुमच्या-आमच्या वयाची आहेत. १९४८ ते १९५२ या काळात यांतल्या सहा शाळांमध्ये आधीच अर्धपोटी असलेल्या मुलांवर पोषणाचे प्रयोग झाले. काही मुलांना तुलनेसाठी मुद्दाम तसंच ठेवलं गेलं. अशा मुलाच्या नातवाला आहारतज्ज्ञाचा सल्ला ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार करून पाहा. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याने भारतातल्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून पुसला जायला मात्र तेवढं पुरलं नाही. देश वेगळे, काळ वेगळे, पण सरकारी दार, सरकारी वही आणि सरकारी सुई यांची भीती सारखीच.

हा आघात जनुकांतून पुढच्या पिढीत उतरतो असं वाचलं. खरं आहे?

इथे जपून बोललं पाहिजे, कारण या विषयावर अतिशयोक्ती फार होते.

सर्वांत चांगला पुरावा नेदरलँड्समधला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे देशाच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. शहरांतलं रेशन दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेलं. त्या महिन्यांत पोटात असलेल्या बाळांचा पुढे अनेक दशकं अभ्यास झाला. गर्भारपणाच्या सुरुवातीला उपासमार झालेल्यांत पुढे हृदयविकार आणि स्किझोफ्रेनिया यांचं प्रमाण जास्त दिसलं. २००८ मध्ये असंही प्रसिद्ध झालं की साठ वर्षांनंतरही त्यांच्या एका वाढीशी संबंधित जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आहेत. जनुक तेच, पण ते चालू-बंद करणारी खूण बदललेली.

पण लक्षात घ्या, ही बाळं त्या दुष्काळात स्वतः होती, आईच्या पोटात. ज्यांनी प्रसंग पाहिलाच नाही अशा नातवंडांपर्यंत माणसांत रासायनिक खुणा पोचतात, याचा पुरावा अजून कच्चा आहे. आणि खरं सांगायचं तर आघात पुढे जायला जनुकांची गरजही नाही. हिरावलेली जमीन, तुटलेलं शिक्षण, मार खाऊन वाढलेल्या आईबापांचं पालकत्व, ‘दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही’ ही आजीची ताकीद, आणि अजूनही मिळणारी तीच वागणूक, एवढं पुरतं. जनुकांवर जास्त भर दिला की एक धोकाही संभवतो: या लोकांच्या रक्तातच काहीतरी बिघडलंय, असा जुनाच समज नव्या भाषेत परत येतो.

चांगले उपचार समोर असतानाही काही लोक संशय का घेतात?

कारण संशय घ्यावा असं घडलेलं आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मेकन परगण्यात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. ३९९ जणांना गरमी होती, म्हणजे सिफिलिस. २०१ जणांना नव्हता. बहुतेक गरीब शेतमजूर होते. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही. ‘तुमचं रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. जेवण, गाडीतून ने-आण आणि मरणानंतर दफनाचा खर्च, याच्या बदल्यात शवविच्छेदनाची परवानगी. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याच्या वेदनादायक चाचणीला बोलावताना पत्रात लिहिलं होतं की हा खास मोफत उपचार आहे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा इलाज हाती आला, तरी तो त्यांना दिला नाही. रोग कसा वाढतो ते पाहायचं होतं. हे ४० वर्षं चाललं. आरोग्य खात्यात काम केलेल्या पीटर बक्स्टन यांनी आधी आत तक्रारी केल्या. त्या वाया गेल्यावर माहिती पत्रकारांपर्यंत पोचवली. जुलै १९७२ मध्ये जीन हेलर यांची बातमी छापून आली आणि अभ्यास थांबला. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

एक गैरसमज इथेच दूर करतो. या माणसांना रोग टोचला गेला, असं बरेचदा सांगितलं जातं. तसं झालं नव्हतं. रोग आधीच होता. इलाज नाकारला गेला. हा फरक मी आवर्जून सांगतो, कारण आपल्या दवाखान्यांत आजही जे घडतं ते या दुसऱ्या प्रकारचं असतं. हात उगारला जात नाही. फक्त जे द्यायचं ते दिलं जात नाही, आणि सांगायचं ते सांगितलं जात नाही.

मार्सेला अल्सान आणि मारियान वानामेकर या अर्थतज्ज्ञांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, १९७२ मध्ये ही गोष्ट उघड झाल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांचं दवाखान्यात जाणं घटलं, आणि पंचेचाळिशीनंतरचं त्यांचं आयुर्मान दीड वर्षापर्यंत कमी झालं असावं. तरीही सगळा अविश्वास एका घटनेच्या माथी मारू नये. अनेकांनी त्या अभ्यासाचं नावही ऐकलेलं नसतं. त्यांना आठवतं ते गेल्या महिन्यात खिडकीवर ऐकून घ्यावं लागलेलं बोलणं.

ते सगळं जुनं झालं. आता कोण भेदभाव करतं?

२८ सप्टेंबर २०२० रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जॉयस एचाक्वान ही ३७ वर्षांची, सात मुलांची आई रुग्णालयात मरण पावली. ती अतिकामेक्व या आदिवासी समाजातली होती. मरण्याआधी काही वेळ तिने फोनवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं. त्यात कर्मचारी तिला उद्देशून अपमानास्पद बोलताना ऐकू येतात. पुढच्या वर्षी मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी गेहान कामेल यांनी नमूद केलं की तिच्या मृत्यूला वंशद्वेष आणि पूर्वग्रह कारणीभूत ठरले.

असं उघड प्रकरण विरळा. बहुतेक वेळा भेदभाव करणाऱ्याला तो दिसतच नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्या जणांना ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ यासारखा निदान एक तरी खोटा समज खरा वाटत होता. आणि ज्यांना तो वाटत होता त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी मोजली.

कधी तो यंत्रात असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा प्रकाश त्वचेतून जातो. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन खरोखर ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, असं २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. कोविडची साथ ऐन भरात असताना. यंत्राचा आकडा बघूनच कुणाला घरी पाठवायचं हे तेव्हा ठरत होतं.

कधी तो सूत्रात असतो. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या सूत्रात अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्याने त्यांचं मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दिसायचं, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तो गुणक काढायची शिफारस झाली, आणि नंतर हजारो रुग्णांचा यादीतला बुडालेला प्रतीक्षेचा काळ त्यांच्या नावावर परत जमा करावा लागला. उशीर त्यांचा नव्हता, सूत्राचा होता.

संगणकाचंही तसंच. कुणाला जादा देखभाल लागेल हे ओळखणाऱ्या एका प्रणालीने ‘आजवर किती खर्च झाला’ यावरून गरज ठरवली होती. ज्यांच्यावर कमी खर्च होत आला ते तिला निरोगी वाटले. २०१९ च्या अभ्यासात हे पकडलं गेलं: चूक दुरुस्त केली तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जात होता. त्या प्रणालीला माणसाचा वंश सांगितलेलाही नव्हता.

मी सगळ्या रुग्णांना सारखंच वागवतो. मग माझं काय चुकतं?

तुमचा हेतू चांगला आहे, पण तो पुरत नाही. एकाच वेळेची ओपीडी, एकच भाषा, एकच फॉर्म, एकच ‘आठ दिवसांनी या’. हे सगळ्यांना सारखं वाटतं. ज्याला पगारी रजा आहे त्याला आठ दिवसांनी येणं सोपं. ज्याचा दिवस बुडाला की कमाई बुडते त्याला ते अवघड. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये हे नियमासारखं मांडलं: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते. ज्याला जास्त हवी त्याला ती कमी मिळते. बाजारावर सोडली की हे आणखी वाढतं, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. सारखेपणा हवाच, तो परिणामात.

रुग्ण औषधंच घेत नाही, त्याला काय करायचं?

आधी विचारा की घेता का येत नाहीत. जेवल्यावर घ्यायची गोळी दिवसातून तीनदा लिहिली आहे, आणि तो दोनदाच जेवतो. इन्सुलिन थंड जागी ठेवायला सांगितलंय, आणि तशी जागा नाही. लघवीची गोळी घेतली तर कामावर दहादा उठावं लागतं, आणि तिथे स्त्रियांना जायला जागाच नाही. क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट घरात दिसलं तर लग्न मोडेल. यांतलं एकही कारण माणूस आपण होऊन सांगत नाही, कारण ते सांगणं म्हणजे आपली लाज उघडी करणं. ‘रोजच्या धबडग्यात गोळ्या चुकतातच, तुमच्या कधी चुकतात?’ असं विचारून पाहा. चुकणं गृहीत धरलं की माणूस बोलतो.

प्रत्येक रुग्णाला त्याच्या आघाताबद्दल विचारावं का?

नाही. जखम उघडायची आणि बांधायला वेळ नाही म्हणून निघून जायचं, हे क्रूर आहे.

१९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी ९,५०० हून जास्त प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणी मार, अत्याचार, घरातली हिंसा, व्यसन असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न हे असं काहीच न सोसलेल्यांच्या चौपट ते बारापट दिसले. हृदयरोग आणि कर्करोगाचं प्रमाणही चढतं होतं. तेव्हापासून अनेक ठिकाणी रुग्णाचे ‘गुण’ मोजायची टूम निघाली. २०२० मध्ये खुद्द अँडा यांनीच बजावलं की हा आकडा लोकसमूहासाठी आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला नाही. त्याच चार प्रसंगांतून गेलेला एक जण आजीच्या मायेत सावरतो, दुसऱ्याला कुणीच नसतं.

माझं मत असं: रक्त हाताळताना आपण प्रत्येक वेळी हातमोजे घालतो, कुणाला संसर्ग आहे ते विचारत बसत नाही. तसंच इथे करावं. समोरच्या कुणावरही आघात झालेला असू शकतो असं धरून सगळ्यांशी जपून वागावं. सांगावंसं वाटलं तर रुग्ण सांगेल, आणि तेव्हा घड्याळाकडे न बघता ऐकावं.

जपून म्हणजे नेमकं कसं?

अंगाला हात लावण्याआधी सांगा आणि होकाराची वाट बघा. ‘थांबा’ म्हटलं की हात खरोखर थांबू द्या. कपडे लागतील तेवढेच बाजूला करा. दार कुणाच्या बाजूला आहे ते बघा. कोंडलं गेलेल्या माणसाला दाराकडे पाठ करून बसणं जड जातं. दाताची खुर्ची, आतली तपासणी, तोंडावर मास्क लावणं, हातपाय धरून ठेवणं, या जागी जास्त काळजी हवी. विद्यार्थ्यांचा घोळका आत आणण्याआधी परवानगी घ्या, त्यांच्यासमोर नव्हे. नाव विचारा आणि त्या नावाने, मान राखून हाक मारा. ‘ए आजी, इकडे ये’ यात प्रेम नसतं. आणि सल्ला समजला का, असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येतं. ‘घरी गेल्यावर तुम्ही हे कसं सांगाल?’ असं विचारा.

भाषा येत नसेल तर प्रशिक्षित दुभाषा हवा. घरातल्या लहान मुलाला दुभाषा करू नका. आईच्या गर्भाशयातल्या गाठीचा अर्थ दहा वर्षांच्या मुलीने तिला सांगायचा, हे दोघींवरही अन्याय करणारं आहे. आणि नवऱ्यादेखत कुठली बाई खरं सांगेल?

एकेका समाजाच्या चालीरीती शिकून घेतल्या तर काम सोपं होईल ना?

थोडं होईल, पण यादी पाठ केली की माणूस दिसेनासा होतो. ‘हे लोक असेच’ हा पूर्वग्रह अभ्यास केल्यावर आणखी घट्ट बसतो. न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा विचार मांडला. तिने रोख उलटा फिरवला: रुग्णाच्या संस्कृतीचा अभ्यास करण्याआधी परिचारिकेने स्वतःच्या सत्तेचा आणि समजांचा अभ्यास करावा, आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ती देणाऱ्याने ठरवू नये, घेणाऱ्याने ठरवावं. मला हा या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी विचार वाटतो, आणि पचायला सर्वांत कठीणही.

मी रुग्ण आहे. माझं म्हणणं ऐकलं जात नाही असं वाटतं. काय करू?

तुमच्यावर हे ओझं पडायला नको होतं. तरी काही गोष्टींचा उपयोग होतो. विश्वासाचं माणूस बरोबर न्या. त्रास कधी सुरू झाला आणि त्यामुळे काय करता येईनासं झालं ते लिहून न्या. ‘फार दुखतं’पेक्षा ‘तीन दिवस झोपले नाही, जिना चढता येत नाही’ याची दखल लवकर घेतली जाते. तपासणी नाकारली गेली तर शांतपणे सांगा, ‘मी ही मागणी केली होती आणि ती का नाकारली हे कागदावर लिहा.’ लिहायची वेळ आली की निर्णय पुन्हा तपासला जातो. कागदांच्या प्रती मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं म्हणजे बेईमानी नव्हे. आणि अपमान झाला म्हणून उपचार अर्धवट सोडू नका. डॉक्टर बदला, औषध थांबवू नका.

मग माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही?

आहे. पण ज्याच्यापुढे दहा वाटा आहेत आणि ज्याच्यापुढे एकच आहे, त्यांना ‘तू निवड चुकलास’ हे एकाच तोंडाने सांगता येत नाही.

डॉक्टरच्या हातात एवढं कुठे असतं?

१८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ व्हिर्शो या २६ वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सिलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. परत आल्यावर त्याने औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, रस्ते, शेतीत सुधारणा, लोकांच्या भाषेला मान आणि पूर्ण लोकशाही, अशी मागणी त्याने अहवालात केली. सरकारला ते रुचलं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टामध्ये जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी कुपोषित मुलांसाठी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि त्याचं बिल दवाखान्याच्या औषधखात्यातून चुकतं करत. आक्षेप आल्यावर गायगर यांचं उत्तर होतं की कुपोषणावरचा इलाज अन्न हाच आहे. पुढे त्या दवाखान्याच्या मदतीने लोकांनी विहिरी खोदल्या, शेतीची सहकारी संस्था काढली.

सगळ्यांना एवढं जमणार नाही. पण ओपीडीची एक पाळी संध्याकाळी ठेवणं, तीन फेऱ्यांची कामं एका फेरीत उरकणं, सरकारी योजनेच्या फॉर्मवर त्याच दिवशी सही करणं, दारावरच्या माणसाला नीट बोलायला शिकवणं, हे हातात असतं. समाजसेवकाला फोन करायला दोन मिनिटं लागतात.

असे घाव भरतात का?

कॅनडातल्या मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे आदिवासी समूहांत १९८७ ते १९९२ या काळातल्या तरुणांच्या आत्महत्या मोजल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की सगळ्या आदिवासींत आत्महत्या जास्त. प्रत्यक्षात काही समूहांत प्रमाण भयंकर होतं आणि बऱ्याच समूहांत एकही नव्हती. फरक कुठे होता? जमिनीच्या हक्कासाठीचे प्रयत्न, स्वतःचं शासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन सेवा आणि सांस्कृतिक कार्यासाठी जागा यांवर ज्यांचा स्वतःचा ताबा होता, तिथे प्रमाण कमी. आणि सहाही गोष्टी होत्या तिथे त्या पाच वर्षांत एकाही तरुणाने जीव दिला नव्हता. व्हाइटहॉलच्या कारकुनांच्या बाबतीतही ताब्याचाच मुद्दा निघाला होता, हे आठवा.

शेवटी केसपेपरवर लिहायचं तरी काय?

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात शिकाऊ डॉक्टरांना सिकलसेल या तीव्र वेदना देणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या एकाच रुग्णाच्या दोन नोंदींपैकी एक वाचायला दिली. माहिती तीच, शब्द वेगळे. हेटाळणीचे शब्द वाचलेल्यांचं रुग्णाबद्दलचं मत वाईट झालं आणि त्यांनी वेदनेवर सौम्य इलाज सुचवला. २०२२ मध्ये शिकागोतल्या नोंदी तपासल्या तेव्हा कृष्णवर्णीयांच्या कागदावर असे नकारार्थी शब्द येण्याची शक्यता गोऱ्यांच्या अडीचपट निघाली. तुमचा एक शेरा पुढचे दहा डॉक्टर वाचतात, रुग्णाने तोंड उघडण्याआधी.

म्हणून जे दिसलं आणि जे सांगितलं गेलं तेच लिहा. ‘वेदना होतात असा दावा करते’ असं न लिहिता ‘वेदना आहे’ असं लिहा. ‘ऐकत नाही’ ऐवजी काय सुचवलं आणि ती काय म्हणाली ते लिहा. आणि ‘उशिरा आली’ लिहायचा हात झाला तर त्याच ओळीत पुढे लिहा: ‘गाठ पाच महिन्यांपासून. दुसऱ्या महिन्यात एका दवाखान्यात गेली होती, न तपासता गोळ्या देऊन परत पाठवलं. नंतर रजा मिळाली नाही. आज बहिणीसोबत आली आहे. तपासणीच्या वेळी बहीण जवळ हवी असं म्हणते.’